महिन्याचे २९९ आणि निजामाची फौज

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन मिळते दोन हजार आठशेच्या आसपास, बाकी घर मुलाच्या पगारावर चालतं. मागच्या महिन्यात सकाळी सकाळी पासबुक घेऊन दारात उभे. "बाबू, हे पाय बरं. दर महिन्याले दोनशे नव्व्याण्णव कटून राह्यले. बँकेत गेलो तं ते पोट्टं म्हणते, काका, तुम्हीच परवानगी देली."

पासबुक पाहिलं, मोबाइल पाहिला. चौदा महिने झाले होते. १४ गुणिले २९९ म्हणजे ४,१८६ रुपये. पेन्शनचा दीड महिना गेला म्हणा. सुरुवात एका रुपयापासून झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत नातू आला, त्यानं कसलं तरी ॲप घेतलं, "एक रुपयात सात दिवस" म्हणून. पिन काकांनीच टाकला. एक रुपयाच तर होता! त्या एका रुपयासोबत पुढच्या वर्षानुवर्षांच्या कापाकापीवर आपण अंगठा उठवतोय, हे काकांना कळायचं काही कारण नव्हतं. ते अक्षर मुंगीएवढं होतं आणि इंग्रजीत होतं. दर महिन्याला पैसे कापायच्या आधी एसएमएससुद्धा येत होता. काकांना वाटे जाहिरात आहे.

सगळं समजावून सांगितल्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजे मी फसलो का नाई फसलो?"

मला उत्तर देता आलं नाही. ओटीपी विचारून खातं साफ करतो तो चोर, हे सरळ आहे. पण इथं सगळं कायदेशीर होतं. परवानगी होती, नोंद होती, सूचना होती. फक्त ज्याचे पैसे जात होते त्याला पत्ता नव्हता. मग दोन रात्री जुनी पुस्तकं चाळत बसलो, कारण हा प्रकार मला कुठंतरी वाचल्यासारखा वाटत होता. आणि सापडला. आपलं अख्खं वऱ्हाड अशाच एका न थांबणाऱ्या वर्गणीपायी गेलं होतं. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, सगळं.

गोष्ट अशी. १८०० साली निजामानं इंग्रजांशी तह केला. त्यात एक कलम होतं की युद्ध झालं तर निजामानं कंपनीच्या मदतीला ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार द्यायचे. युद्ध झालं तर. हे "तर" लक्षात ठेवा. पुढं हैदराबादला हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट आला. त्यानं निजामाच्या पैशानं, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती फौज उभी केली. सुरुवातीला तिला रसेल ब्रिगेडच म्हणायचे. पुढं ती वाढत गेली आणि हैदराबाद कंटिन्जंट झाली. लढाई असो नसो, फौज कायम. खर्च वर्षाला साधारण ४० लाख रुपये. अधिकाऱ्यांचे पगार गलेलठ्ठ. गोऱ्या साहेबांमध्ये थट्टाच चालायची की आपल्या सगळ्या मौजेचे पैसे बिचारा निजाम भरतो. आपल्या एलिचपूरची, म्हणजे अचलपूरची छावणी याच फौजेची. परतवाड्याला गेलात तर आजही त्या छावणीच्या खाणाखुणा दिसतात.

मग निजामानं नाही का म्हटलं नाही? इथंच काकांची आणि निजामाची गोष्ट जुळते. नाही म्हणण्याच्या जागी निजाम नव्हताच. कारभार होता चंदूलाल यांच्या हातात. १८०८ पासून १८४३ पर्यंत, पस्तीस वर्षं. आणि चंदूलाल यांची खुर्ची रेसिडेंटच्या मर्जीवर. त्यांनी रेसिडेंटला दुखवायचं कशाला? पिन चंदूलाल टाकत होते आणि पैसे निजामाच्या खात्यातून जात होते.

पैसे कमी पडले की कर्ज. त्यासाठी हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होतीच. व्याज २४-२५ टक्के. आज क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वरही व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. तेव्हा पामरला फार शिव्या देऊ नका. पामरच्या भानगडी मेटकाफ नावाच्या पुढच्या रेसिडेंटनं बाहेर काढल्या, पेढी बुडाली. पण निजामाचं देणं काही बुडालं नाही. ते इंग्रज सरकारनं १८२३ मध्ये मिटवलं, आणि त्या बदल्यात उत्तर सरकार प्रांताची जी वार्षिक खंडणी इंग्रज निजामाला देत होते तीच कायमची बंद केली. एक कर्ज फेडायला कायमची आमदनी गेली.

फौजेचं बिल मात्र येतच होतं. थकत होतं, साचत होतं. शेवटी लॉर्ड डलहौसी आला. गंमत पाहा, याच डलहौसीनं स्वतःच्या टिपणात मान्य केलं होतं की १८०० च्या तहाप्रमाणे शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम बांधील नाही. म्हणजे कंपनीच्या मालकालाच ठाऊक होतं की ग्राहकानं ही सेवा कधी मागितलेली नाही. तरी वसुली थांबली नाही. इतकी वर्षं तुम्ही भरत आलात ना, मग ती तुमची संमतीच, असा एकूण सूर. २१ मे १८५३ ला तह झाला आणि वऱ्हाड, सोबत धाराशिवचा आणि रायचूर दुआबाचा भाग, साधारण ५० लाख उत्पन्नाचा मुलूख, इंग्रजांच्या हवाली झाला. आपल्या जमिनीचा सातबारा बदलला तो असा. लढाईत हरून नाही, थकबाकीपोटी.

त्या तहात एक चांगली अट होती. दरवर्षी हिशोब द्यायचा आणि फौजेचा व कारभाराचा खर्च भागवून उरेल ते निजामाला परत करायचं. आता बघा. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं म्हणून बक्षीस म्हणून १८६० ला नवा तह झाला. पन्नास लाखांचं कर्ज माफ. धाराशिव, रायचूर परत. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. आणि त्याच तहात हळूच एक कलम घुसलं, की इथून पुढं आणि मागचासुद्धा, वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजाम मागणार नाही. शिल्लक किती उरली ते इंग्रज ठरवणार आणि देणार.

कर्ज माफ झालं हे मोठ्या अक्षरात. स्टेटमेंट बंद झालं हे बारीक अक्षरात.

त्यानंतर तर वऱ्हाडचं नशीबच फळफळलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, भाव आभाळाला भिडला. काळ्या मातीचं सोनं झालं. रेल्वे आली, १८६७ ला नागपूरपर्यंत गाडी धावली, पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंग आलं. गहाण ठेवलेला मुलूख दरवर्षी जास्त पैसा देऊ लागला. पण कारभाराचा खर्चही असा वाढत गेला की शिल्लक म्हणून निजामाच्या हातात पडायचं ते उरलंसुरलं. सालारजंग यांच्यासारखा हुशार दिवाण मागंच लागला होता, आम्ही पैसे देतो, आमचं वऱ्हाड परत करा. १८७६ मध्ये ते विलायतेला जाऊन आले. तिथं मानसन्मान भरपूर झाला. वऱ्हाडचं काम झालं नाही. तक्रार निवारण केंद्राला फोन केल्यावर बाई किती गोड बोलते, आठवा.

शेवट १९०२ ला. लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेला. ५ नोव्हेंबर १९०२ चा करार झाला आणि वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांना मिळालं. पुढच्याच वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं, आणि ज्या फौजेपायी हे रामायण घडलं ती फौजच हिंदुस्थानी सैन्यात विरघळली. सेवा बंद, वसुली चालू! सातव्या निजामानं पुन्हा मागणी केली तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं त्याला झापलं. आणि १९३६ मध्ये काय दिलं? पदवी. हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम, आणि युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार. जमीन नाही, नाव घ्या.

(निजामाबद्दल मला काही फार कळवळा नाही. त्याच्या राज्यातही रयतेचे हाल कुत्रं खात नव्हतं. विषय कापाकापीचा आहे.)

राजेरजवाड्यांचं सोडा. आपल्या आजोबा-पणजोबांचं काय? ते बंडी भरून कापूस बाजारात न्यायचे आणि हातात पट्टी यायची. त्या पट्टीवर काय काय कापलेलं असे! दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय. धर्मादाय कोणाचा, पुण्य कोणाला, विचारायची सोय नाही. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. ज्याचा माल त्याला भाव माहीत नाही. म्हणून कारंज्याला, आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या आपल्या कारंजा लाडला, १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या हुकमानं नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला पहिला. आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा आला. देशातल्या सगळ्या बाजार समित्यांचं मूळ इथं आहे, हे आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही.

आता त्या कायद्यामागं इंग्रजांचा स्वार्थ होताच. मँचेस्टरला स्वच्छ आणि वेळेवर कापूस हवा होता. त्या बाजारांच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचंच वजन, कास्तकाराला त्यात जागा नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालात वऱ्हाडच्या या बाजारांची चर्चा आहे आणि ही उणीवही दाखवली आहे. पण एक गोष्ट या कायद्यानं पहिल्यांदा मान्य केली. काय कापायचं आणि किती कापायचं, हे कापणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

पुढं १९७२ ला कापूस एकाधिकार आला. तिथंही भांडवल निधीच्या नावानं शेकडा तीन रुपये कापून जात. ज्यांच्या घरी त्या काळच्या पावत्या अजून ट्रंकेत असतील त्यांनी फोटो टाका कमेंटमध्ये, मला हव्या आहेत.

मग मोबाइल आला. २००८-०९ आठवा. पन्नासचं रिचार्ज मारायचं आणि संध्याकाळी बॅलन्स बत्तीस. काहून? तर तुमच्या फोनवर गाणं लावलंय, महिन्याला तीस रुपये. कोणी लावलं? तुम्हीच, स्टार दाबून. अकोल्याच्या टॉवर चौकात मोबाइलच्या दुकानांत तेव्हा निम्मे गिऱ्हाईक हेच बंद करायला यायचे. मी त्यावर बातमी केली होती, आतल्या पानावर चार ओळीत छापून आली. दूरसंचार नियामकानं आधी २०११ ला आणि मग जुलै २०१३ मध्ये नियम कडक केला की ग्राहकानं दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येणार नाही, आणि बंद करायला १५५२२३ हा एकच फुकटचा नंबर. तोवर देशभरातल्या खिशांतून तीस-तीस रुपयांनी किती गेले असतील, देव जाणे.

बँकांचं तेच. रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली ती ऑगस्ट २००९ पासून. तेव्हा कंपन्यांनी ओरड केली की धंदा बसेल. बसला नाही. पण दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना वेगळा नियम लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला आणि तो पूर्ण लागू व्हायला १ ऑक्टोबर २०२१. बँकांना मुदतीमागून मुदत हवी होती. आज तो नियम असा आहे: परवानगी देताना एकदा पडताळणी. प्रत्येक वेळी कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना. कधीही रद्द करायची सोय. आणि एका मर्यादेपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी २,००० होती, मग ५,००० झाली, जून २०२२ पासून १५,००० आहे. काही गोष्टींना, म्हणजे विमा, म्युच्युअल फंड, कार्डाचं बिल, डिसेंबर २०२३ पासून एक लाखापर्यंत. माझं स्पष्ट मत आहे की वऱ्हाडातल्या पेन्शनरासाठी १५,००० ही मर्यादा नाही, ती उघडी कवाडं आहेत. त्याची पाच महिन्यांची पेन्शन विनाओटीपी जाऊ शकते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या १३ युक्त्यांची यादीच काढली आणि त्यांवर बंदी घातली. त्यात वर्गणीचा सापळा हीसुद्धा एक. घुसायला एक बटण आणि निघायला भुलभुलैया, याला आता कायद्यात नाव आहे. नाव मिळणं मोठी गोष्ट असते. कडत्याला नाव होतं म्हणून त्यावर कायदा करता आला.

कास्तकारांनी पीक विमाही इथंच जोडून पाहावा. २०१६ पासून पीककर्ज घेतलं की विमा हप्ता सक्तीनं कापला जाई. २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला म्हणे. पण ऐच्छिक कसा? नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लिहून द्यायचं. नाही दिलं तर होकार धरला. गप्प बसणं म्हणजे हो, हा डलहौसीचाच हिशोब.

खरी चोरी आणि ही कापाकापी यांत फरक आहेच. ११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. नकली कार्डं करून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले, दोन दिवसांनी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर. शंभर वर्षांवर जुनी बँक, शनिवारच्या दुपारी. तिथं गुन्हा नोंदला गेला, तपास झाला, २०२३ मध्ये शिक्षाही झाल्या. काकांच्या ४,१८६ रुपयांसाठी कोणत्या ठाण्यात जायचं? मी एका ठाण्यात विचारून पाहिलं. हवालदार हसला. त्याचं चुकलं असंही नाही, कारण कलमात बसत नाही.

चोरीच असेल तर मात्र वेळ घालवू नका. १९३० ला फोन, लगेच. बँकेला लेखी, त्याच दिवशी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य, दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंतचा फटका तुमच्यावर येऊ शकतो. चूक ग्राहकाची होती हे बँकेनं सिद्ध करायचं, तुम्ही नाही. डिसेंबर २०१७ पासून सहकारी बँकांनाही हेच लागू आहे. काउंटरवरचा पोरगा "आमच्याकडे असं काही नाही" म्हणाला तर ही तारीख सांगा. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या डोक्यावर. कंपनी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काकांचं पुढं काय झालं? त्यांच्या मोबाइलमध्ये ऑटोपे नावाचा कोपरा शोधला. तिथं एक नाही, तीन मंजुऱ्या निघाल्या. दोन सुरूच झाल्या नव्हत्या, नुसत्या दबा धरून बसल्या होत्या. तिन्ही रद्द केल्या, त्यालाही पिन लागतो. कंपनीला मेल केला. उत्तर आलं इंग्रजीत, आम्ही आपल्या भावना समजू शकतो. नऊ दिवसांनी एका महिन्याचे २९९ परत आले. बाकी तेरा महिन्यांचं धोरणात बसत नाही म्हणे. १९१५ ला तक्रार टाकली आहे, बघू.

त्या संध्याकाळी काकांना ओट्यावर बसून निजामाची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकली त्यांनी. मग म्हणाले, "त्याले निदान पदवी तं भेटली बावा."

आता काका प्रत्येक एसएमएस वाचायला लावतात, इंग्रजी असला की मला हाक. परवा पुन्हा आले, आवाज चढलेला. "पाय, वीस रुपये कटले! पुन्हा चालू झालं का बे हे?" पाहिलं तर सुरक्षा विम्याचे होते. २०१५ साली कुणीतरी खातं उघडताना फॉर्म भरून घेतलेला. आधी बारा रुपये होते, २०२२ पासून वीस. म्हटलं, काका, हे राहू द्या, अपघाती गेलात तर घरच्यांना दोन लाख मिळतील.

"दोन लाख? अन् हे मले कोणं सांगतलं नाई दहा वर्स?"

वारसदार म्हणून नाव कोणाचं टाकलंय, विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंना तर विमा आहे हेच ठाऊक नव्हतं. सोमवारी आम्ही दोघं बँकेत चाललोय.